मालकी बदलते तेव्हा कामाची रीत : सीमाभागातील संस्थांसाठी मार्गदर्शन

व्यवसायाची मालकी बदलते तेव्हा कागदोपत्री फार थोडे घडते. भागभांडवल किंवा भागीदारीतील हिस्सा एका हातातून दुसऱ्या हातात जातो, सह्यांचे अधिकार बदलतात आणि देण्याघेण्याची जबाबदारी नव्या नावावर चढते. त्या संस्थेत राबणाऱ्यांना आणि तिच्या दारात कामासाठी येणाऱ्यांना मात्र बदल जाणवतो तो वेगळ्याच जागी : कोणत्या प्रश्नाला कोणी उत्तर द्यायचे, किती वेळात आणि कोणत्या भाषेत द्यायचे, नियमात न बसणारी अडचण आली तर कोणाच्या शब्दावर मार्ग काढायचा, याविषयी वर्षानुवर्षे ठरून गेलेल्या अलिखित रीतीत. या रीतीला व्यवस्थापनशास्त्रात संस्थेची कार्यसंस्कृती म्हणतात. हुलसूर, भालकी, बसवकल्याण आणि औराद या बीदर जिल्ह्यातील मराठीभाषक पट्ट्याने, तसेच शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्याने, असे बदल एकामागून एक पाहिले आहेत. येथील प्रमुख बँक विलीन झाली, ग्रामीण बँकेचे नाव पुन्हा पुन्हा बदलले, कलबुर्गीतील मोठे सिमेंट कारखाने नव्या मालकांकडे गेले आणि सहकारी साखर कारखान्यांच्या शेजारी खासगी कारखाने उभे राहिले. अशा बदलात नेमके काय हलते ते ओळखावे कसे, आणि कर्मचारी, नवा मालक, खातेदार व सभासद यांनी आपापल्या जागी कोणती काळजी घ्यावी, याची मांडणी पुढे केली आहे.

संस्थेच्या संस्कृतीचे विश्लेषण करताना एडगर शाईन या अमेरिकी अभ्यासकाने १९८५ मध्ये मांडलेली तीन थरांची कल्पना अजूनही उपयोगी पडते. पहिला थर डोळ्यांना दिसणारा, म्हणजे पाटी, बोधचिन्ह, गणवेश, कार्यालयाची मांडणी, छापील अर्ज. दुसरा थर संस्था स्वतःविषयी जे सांगते त्याचा, म्हणजे धोरणे, घोषवाक्ये आणि परिपत्रके. तिसरा थर कोणीच बोलून दाखवत नाही, कारण तो सर्वांनी गृहीत धरलेला असतो. कोणाचा शब्द चालतो, चूक झाली तर लपवायची की सांगायची, गिऱ्हाईक आधी की वरिष्ठांचा अहवाल आधी, अशा प्रश्नांची ठरून गेलेली उत्तरे या थरात साठलेली असतात. नवा मालक पहिला थर एका रात्रीत आणि दुसरा थर काही महिन्यांत बदलू शकतो. तिसऱ्याला हात घालण्याचा अधिकार त्याला खरेदीखताने मिळत नाही, आणि मालकीबदलानंतरच्या बहुतेक तक्रारी नेमक्या याच थरातून उगवतात.

हैदराबाद बँकेचे उदाहरण

ही गोष्ट सीमाभागात सर्वांत स्पष्ट दिसली ती स्टेट बँक ऑफ हैदराबादच्या बाबतीत, जिला मराठवाड्यात आणि बीदर पट्ट्यात सर्रास हैदराबाद बँक म्हटले जात असे. निजामाच्या संस्थानाची मध्यवर्ती बँक म्हणून १९४१ मध्ये हैदराबाद स्टेट बँक या नावाने तिची स्थापना झाली आणि संस्थानच्या स्वतंत्र चलनाची व्यवस्थाही तिच्याकडे होती. १९५६ मध्ये ती रिझर्व्ह बँकेच्या मालकीची झाली व तिला नवे नाव मिळाले. त्याच वर्षी, १ नोव्हेंबर रोजी, हैदराबाद राज्याचे विभाजन होऊन जुन्या बीदर जिल्ह्याचेही तुकडे पडले : उदगीर, अहमदपूर, निलंगा मराठवाड्याबरोबर मुंबई राज्यात गेले, तर भालकी, हुमनाबाद, बीदर म्हैसूर राज्यात आले. पुढे १९५९ मध्ये बँक भारतीय स्टेट बँकेची उपकंपनी झाली. अठरा वर्षांत तीन मालक बदलूनही बँकेचे मुख्यालय हैदराबादेतच राहिले, तिचा कारभार आणि तिच्या बदल्यांचे क्षेत्र बहुतांशी जुन्या संस्थानाच्या मुलखातच फिरत राहिले. परिणामी, ज्या दोन गावांमध्ये राज्याची सीमा आली होती त्या दोन गावांची बँक, तिचे नियम आणि तिची तक्रार ऐकणारे कार्यालय एकच होते. मालकी बदलूनही कार्यसंस्कृती टिकू शकते, याचा हा सहा दशके चाललेला पुरावा म्हणावा लागेल.

१ एप्रिल २०१७ रोजी मात्र हैदराबाद, म्हैसूर, त्रावणकोर, पतियाळा आणि बिकानेर-जयपूर या पाच सहयोगी बँका, व त्यांच्यासोबत भारतीय महिला बँक, स्टेट बँकेत पूर्णपणे विलीन झाल्या. उपकंपनी आणि विलीनीकरण यांतील फरक येथे नीट ध्यानात घ्यायला हवा. उपकंपनीत मालक वेगळा असला तरी संस्थेला स्वतःचे संचालक मंडळ, स्वतःची सेवानियमावली आणि स्वतःचे मुख्यालय असते. विलीनीकरणात या तिन्ही गोष्टी संपतात. गंमत अशी की शाईनच्या पहिल्या थरात या दिवशी फारसा बदल झालाच नाही, कारण स्टेट बँकेचे निळे वर्तुळाकार चिन्ह सहयोगी बँका आधीपासूनच वापरत होत्या. बदलले ते निर्णयाचे ठिकाण. कर्नाटकातील शाखा बंगळुरूच्या मंडल कार्यालयाखाली आणि मराठवाड्यातील शाखा महाराष्ट्राच्या रचनेखाली गेल्या, म्हणजे १९५६ मध्ये राज्याचे जे विभाजन झाले होते ते बँकेच्या बाबतीत ६१ वर्षांनी झाले. संघटनांचेही तसेच. सहयोगी बँकांतील कर्मचाऱ्यांची प्रमुख संघटना अखिल भारतीय बँक कर्मचारी संघाशी जोडलेली होती, तर स्टेट बँकेतील कर्मचाऱ्यांचे महासंघ वेगळे होते. २०१६ मध्ये विलीनीकरणाला झालेल्या संघटित विरोधामागे नोकरीच्या काळजीइतकीच ही आपली चौकट हरवण्याची धास्तीही होती.

त्याच १ एप्रिलला स्टेट बँकेने बचत खात्यातील किमान सरासरी शिलकीचा नियम दंडासह पुन्हा लागू केला. ग्रामीण शाखांसाठी ही मर्यादा १,००० रुपये आणि महानगरांसाठी ५,००० रुपये होती; टीका झाल्यावर ती काही प्रमाणात शिथिल झाली आणि मार्च २०२० मध्ये हा नियमच मागे घेण्यात आला. विलीनीकरण आणि दंड या दोन निर्णयांचा एकमेकांशी तसा संबंध नव्हता, तरी ज्या दिवशी बँकेचे जुने नाव गेले त्याच दिवसापासून दंडाची भाषा सुरू झाल्यामुळे जुन्या खातेदाराने दोहोंची सांगड घातली तर त्याला दोष देता येत नाही. मालकीबदलाच्या आसपास घेतलेला प्रत्येक निर्णय लोक नव्या मालकाच्या स्वभावाचा पुरावा म्हणून वाचतात, म्हणूनच कटू पण आवश्यक असे निर्णय शक्य तर बदलाच्या बरेच आधी किंवा बरेच नंतर घ्यावेत.

काउंटरवरची एक बाब जवळून पाहिली तर निर्णयाचे ठिकाण बदलणे म्हणजे काय हे अधिक उलगडते. पीककर्ज दरवर्षी फेडून पुन्हा उचलण्याच्या व्यवहाराला या भागात कर्ज नवे-जुने करणे म्हणतात. शेतकरी पहाणीचा उतारा (महाराष्ट्रात ज्याला सातबारा म्हणतात त्याचा कर्नाटकातील प्रकार), इतर बँकांचे बेबाकी प्रमाणपत्र आणि जुने पासबुक घेऊन येतो. शाखेतील अधिकाऱ्याला कुटुंब ठाऊक असेल, मंजुरीचा अधिकार त्याच्याच टेबलावर असेल, तर एखादा कागद कमी असला तरी तो काय चालेल आणि काय चालणार नाही हे तिथल्या तिथे सांगतो, आणि नकार दिला तरी कारण ऐकायला मिळते. मोठ्या बँकांत कर्जाची छाननी केंद्रीय प्रक्रिया केंद्राकडे जाते, म्हणजे अनेक शाखांचे अर्ज एकाच कार्यालयात तपासले जातात. त्यात वशिल्याला वाव कमी होतो, नोंदी एकसारख्या होतात, हे खरेच आहे, पण समोर बसलेल्या अधिकाऱ्याकडे "वरून आले नाही" यापलीकडे उत्तर उरत नाही. पहिल्या पद्धतीत पक्षपाताचा धोका असतो, दुसरीत परकेपणाचा. कोणती चांगली हा वाद निष्फळ आहे. खातेदाराने करायचे काम एवढेच की बदलानंतर पहिल्याच भेटीत तीन गोष्टी विचारून घ्याव्यात : आपल्या कर्जाची मंजुरी आता कोणत्या कार्यालयात होते, त्याला साधारण किती दिवस लागतात आणि तक्रार लेखी कोणाकडे द्यायची. नवे-जुने करण्याची मुदत जवळ असेल तर तो अर्ज नेहमीपेक्षा महिनाभर आधी द्यावा, कारण व्याजसवलत मुदतीत फेडलेल्या कर्जालाच मिळते आणि कार्यालयांच्या अदलाबदलीत गेलेला वेळ खातेदाराच्या खाती पडतो. शाखासंकेत बदलला असल्यास पीकविमा, दूधसंघ, पेन्शन आणि अनुदान यांच्या नोंदींत तो बदलला आहे का, हेही पाहावे. हैदराबाद बँकेच्या जुन्या धनादेशपुस्तिकांना ठरावीक तारखेपर्यंतच मुदत मिळाली होती, हे अनेकांना धनादेश परत आल्यावर कळले.

ग्रामीण बँकेची कथा याहून चमत्कारिक आहे, पण थोडक्यात आटोपता येते. कलबुर्गीला मुख्यालय असलेली, स्टेट बँक पुरस्कृत कृष्णा ग्रामीण बँक २०१३ मध्ये कॅनरा बँक पुरस्कृत प्रगती ग्रामीण बँकेशी एकत्र होऊन प्रगती कृष्णा ग्रामीण बँक झाली, २०१९ मध्ये कावेरी ग्रामीण बँकेशी मिळून तिची कर्नाटक ग्रामीण बँक झाली आणि १ मे २०२५ पासून राज्यातील दोन्ही ग्रामीण बँका एकत्र येऊन बळ्ळारीला मुख्यालय असलेली एकच बँक राहिली. पुरस्कर्ती बँक म्हणजे भागभांडवलात वाटा असलेली आणि अध्यक्षापासून संगणकप्रणालीपर्यंत सर्व ठरवणारी बँक. ती बदलते तेव्हा प्रशिक्षण, नमुने आणि तपासणीची शैली बदलते. बारा वर्षांत तीनदा विलीनीकरण झाल्यावर कर्मचारी कोणत्याही नव्या रीतीत मन घालीत नाहीत, कारण तीही जाणार असे त्यांना मनोमन ठाऊक असते. वारंवार होणाऱ्या मालकीबदलाचा हा सर्वांत कमी बोलला जाणारा दुष्परिणाम आहे.

समभागांची खरेदी आणि उपक्रमाचे हस्तांतरण

कलबुर्गी जिल्ह्यातील सिमेंट उद्योग पाहिला की मालकीबदलाचे दोन कायदेशीर प्रकार वेगळे करता येतात, आणि हा भेद प्रत्येक कर्मचाऱ्याला समजलाच पाहिजे. टाटा, खटाव, किलिक निक्सन आणि एफ. ई. दिनशॉ या समूहांच्या सिमेंट कंपन्या एकत्र येऊन १ ऑगस्ट १९३६ रोजी जी एसीसी कंपनी स्थापन झाली तिच्या घटकांत शहाबादची कंपनीही होती, आणि वाडीचा मोठा कारखाना १९६८ मध्ये सुरू झाला. या कंपनीतील टाटांचा वाटा १९९९-२००० च्या सुमारास गुजरात अंबुजाकडे गेला, २००५ मध्ये स्वित्झर्लंडची होल्सिम आली आणि सप्टेंबर २०२२ मध्ये अदानी समूहाने होल्सिमकडून अंबुजा व एसीसी या दोन्ही कंपन्यांचे नियंत्रण घेतले. चित्तापूरच्या ओरिएंट सिमेंटचे नियंत्रण एप्रिल २०२५ मध्ये सी. के. बिर्ला समूहाकडून अंबुजाकडे गेले. या सर्व व्यवहारांत विकले गेले ते समभाग. कंपनी तीच राहिली, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने कामगाराचा मालकही तोच राहिला, आणि नेमणूकपत्र, सेवाकाळ व करार आपोआप चालू राहिले. सेडमच्या वासवदत्ता सिमेंटचे तसे झाले नाही. तेथे केसोराम कंपनीचा सिमेंट व्यवसायच न्यायाधिकरणाच्या मंजुरीने वेगळा काढून १ मार्च २०२५ पासून अल्ट्राटेकमध्ये विलीन करण्यात आला. याला उपक्रमाचे हस्तांतरण म्हणतात, आणि यात नेमणूक करणारी कंपनीच बदलते.

उपक्रमाचे हस्तांतरण होते तेव्हा कामगाराच्या बाजूने कायद्यात एक स्पष्ट संरक्षण आहे. औद्योगिक विवाद कायदा, १९४७ मध्ये असलेले आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेने पुढे चालू ठेवलेले हे तत्त्व असे की, सेवेत खंड पडत नसेल, नव्या मालकाकडील अटी पूर्वीपेक्षा कमी अनुकूल नसतील आणि पुढे कपात झाल्यास जुना सेवाकाळ धरून भरपाई देण्याची जबाबदारी नव्या मालकावर असेल, तरच हस्तांतरणाबद्दल भरपाई द्यावी लागत नाही. या तीनपैकी एकही अट तुटली तर किमान एक वर्ष सलग सेवा झालेल्या कामगाराला कपातीप्रमाणेच भरपाई, म्हणजे सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षासाठी १५ दिवसांचा सरासरी पगार, मागता येतो. भविष्य निर्वाह निधीच्या बाबतीत हस्तांतरणापूर्वीच्या थकबाकीला जुना आणि नवा दोघेही मालक जबाबदार असतात, नव्याची जबाबदारी मात्र त्याला मिळालेल्या मालमत्तेच्या मर्यादेत राहते. म्हणून "ते जुन्या शेठकडून घ्या" हे उत्तर कामगाराने स्वीकारू नये. कंत्राटी मजुराचे स्थान दुबळे असले तरी ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती देण्याची जबाबदारी मूळ आस्थापनेवर येते, हे त्यानेही लक्षात ठेवावे. नवा मालक राजीनामा आणि नवे नेमणूकपत्र अशी जोडी एकाच दिवशी पुढे करत असेल तर सही करण्यापूर्वी त्या नव्या पत्रात "पूर्वीची सेवा सलग धरली जाईल" हे वाक्य आहे की नाही ते पाहावे. उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, त्या एका वाक्यावर अवलंबून असते. ते वाक्य नसेल तर वीस वर्षांची सेवा शून्यापासून मोजली जाऊ शकते.

समभागांच्या खरेदीत मात्र असे कोणतेच कवच लागू होत नाही, आणि संस्कृतीवरचा आघात तेथेच अधिक अनपेक्षित ठरतो. कंपनीचे नाव तेच, फाटकावरची पाटी तीच, पण खर्चाला मंजुरी कोण देतो, सुट्या भागांची खरेदी कारखान्यात होते की मुख्यालयातून, वसाहतीतील शाळा व दवाखान्याकडे जबाबदारी म्हणून पाहायचे की खर्च म्हणून, हे सर्व बदलू शकते. कारखान्यावर उभ्या असलेल्या वाडीसारख्या गावाला हा शेवटचा प्रश्न सर्वांत जवळचा. करार संपण्याची तारीख कोणती आणि वसाहतीच्या सोयी त्या करारात लिहिल्या आहेत की केवळ वहिवाटीने चालत आल्या आहेत, याची खातरजमा संघटनेने मालक बदलण्याची बातमी येताच करावी. वहिवाटीच्या सोयी पहिल्या अंदाजपत्रकात गळतात.

मालकी बदलल्यावर दोन संस्कृतींचे काय होते याचे चार प्रकार नहावंदी आणि मालेकझादे या अभ्यासकांनी १९८८ मध्ये सांगितले : दोन्ही रीती मिळून नवी रीत घडणे, लहान संस्था मोठीत विरघळणे, दोन्ही वेगळ्या नांदणे आणि जुनी मोडून नवी न रुजणे. २००८ मध्ये घेतलेल्या जग्वार-लँड रोव्हरला टाटांनी तिच्या रीतीने चालू दिले, हा तिसरा प्रकार. २०१७ ची हैदराबाद बँक हा दुसरा. एअर इंडियाचे उदाहरण या चौकटीत सहज बसत नाही आणि म्हणूनच अधिक शिकवते. १९५३ मध्ये तिचे राष्ट्रीयीकरण झाले, म्हणजे मालकी टाटांकडून सरकारकडे गेली, पण जे. आर. डी. टाटा १९७८ पर्यंत अध्यक्ष राहिले आणि त्या पंचवीस वर्षांत सेवेची जुनी शिस्त बऱ्याच अंशी टिकली. जानेवारी २०२२ मध्ये विमानसेवा टाटांकडे परतली तेव्हा मालकाचे नाव जुने होते, पण मधल्या काळातील संस्कृती एका सहीने पुसली जाणार नव्हती. कामाची रीत मालकापेक्षा रोज निर्णय घेणाऱ्या माणसाला चिकटलेली असते, हा यातून निघणारा निष्कर्ष मान्य केला तर नव्या मालकाचे पहिले कामही ठरते : जुन्या संस्थेत खरे निर्णय कोण घेत होते ते शोधणे. ती व्यक्ती पदाने मोठी असेलच असे नाही. चौथा प्रकार सर्वांत घातक, कारण त्यात कोणालाच काय करावे हे कळत नाही आणि प्रत्येक जण लेखी आदेशाची वाट पाहत बसतो.

कारखान्याचा सभासद आणि दुकानाचा मुनीम

सहकारी संस्थेतील मालकीबदल वेगळ्या जातीचा असतो, कारण तेथे मालकच गिऱ्हाईक किंवा पुरवठादारही असतो. हळ्ळीखेडचा बीदर सहकारी, नारंजा सहकारी आणि भालकी तालुक्यातील हुणजीचा महात्मा गांधी सहकारी हे या जिल्ह्यातील कारखाने ऊस उत्पादक सभासदांच्या भागभांडवलावर उभे राहिले. सहकारात एका सभासदाला एक मत असते. वार्षिक सर्वसाधारण सभेत दोन एकरवाला शेतकरीही उठून अध्यक्षांना जाब विचारू शकतो, दिवाळीला सवलतीच्या दराने साखर मिळते, आणि तोडणीची पाळी चुकली तर शेतकी विभागातील माणसाशी भांडण्याचा हक्क आपल्याला आहे असे त्याला वाटते. सहकारी कारखाना आजारी पडून भाडेतत्त्वावर किंवा विक्रीने खासगी हाती जातो तेव्हा हाच माणूस सभासदाचा पुरवठादार होतो. काटा, मोळी, टोळी, स्लिपबॉय सारे तेच दिसते. नाहीशी होते ती जाब विचारण्याची जागा. खासगी कारखाना अनेकदा पैसे वेळेवर देतो, यंत्रे नीट चालवतो, आणि सहकाराच्या नावाखाली चाललेली घराणेशाही ज्यांनी पाहिली आहे त्यांना या बदलाचे दुःख होत नाही. त्यांची ही भावना अवास्तवही नाही. तरीही करार होण्यापूर्वी सभासदांनी सर्वसाधारण सभेत काही प्रश्न धसास लावलेच पाहिजेत : भाडेपट्टा किती वर्षांचा, मागील ऊसबिले आणि कामगारांचे थकीत पगार कोण देणार, सवलतीची साखर चालू राहणार का, कार्यक्षेत्रातील उसाला तोडणीत प्राधान्य मिळणार का, आणि मुदत संपल्यावर यंत्रसामग्री कोणत्या अवस्थेत परत मिळणार. ही उत्तरे ठरावात नोंदवून घ्यावीत. एक गोष्ट मात्र मालक कोणीही असला तरी बदलत नाही : ऊस नियंत्रण आदेश, १९६६ नुसार रास्त व किफायतशीर दर ऊस पोहोचल्यापासून १४ दिवसांत द्यावा लागतो आणि उशीर झाल्यास १५ टक्के दराने व्याज देय होते.

हुलसूरसारख्या बाजारपेठेच्या गावात बहुतेक मालकीबदल याहून लहान असतात आणि वर्तमानपत्रात येत नाहीत. आडत दुकान एका भावाकडून दुसऱ्याकडे जाते, डाळमिल भागीदार विकत घेतो, कृषी सेवा केंद्र मुलगा सांभाळू लागतो, एखादी पतसंस्था मोठ्या पतसंस्थेत विलीन होते. येथे सेवानियमावली नसते. सारी संस्कृती मुनिमाच्या डोक्यात आणि एका वहीत असते. हमालाने लग्नासाठी घेतलेली उचल कोणत्या हंगामात वळती करायची, कोणत्या शेतकऱ्याला मालाची पट्टी होण्याआधी रोख द्यायची, बारदान कोणाला विश्वासावर सोडायचे, पेरणीच्या दिवसांत कोणत्या कामगाराला पंधरवड्याची सुटी ठरलेली आहे, हे जुन्या मालकाला तोंडपाठ असते. नवा मालक संगणकावर हिशेब आणतो, ते योग्यच आहे, पण वहीतील उचल "येणे" म्हणून एकदम मागितली जाते आणि हमालांची अख्खी टोळी शेजारच्या आडतीवर निघून जाते.

त्यामुळे लहान व्यवसाय हस्तांतरित करताना जुन्या आणि नव्या मालकाने मुनिमाला सोबत घेऊन अलिखित रीतींची यादी करावी. त्यात प्रत्येक माणसाची उचल व तिच्या फेडीची ठरलेली रीत, ठरलेल्या सुट्या, सणाची देणगी, उधारीची मर्यादा आणि तोंडी दिलेली आश्वासने यांची नोंद असावी. मग प्रत्येक नोंदीपुढे "चालू", "ठरावीक तारखेपर्यंत चालू" किंवा "बंद" असे लिहावे आणि ज्याच्याशी संबंध आहे त्याला ते नव्या मालकाने स्वतः सांगावे, निरोपाने नाही. सगळेच चालू ठेवावे असे मुळीच नाही. वजनात सूट काढणे किंवा हजेरी न लावता मजुरी देणे यांसारख्या रीती मोडायलाच हव्यात, आणि त्या मोडण्याची संधी मालकीबदलाइतकी सोयीची पुन्हा येत नाही; फक्त काय मोडले आणि का मोडले हे सांगण्याची तयारी हवी. जुन्या मालकाने किमान एक हंगाम दुकानात बसावे, पण गल्ल्यावर बसू नये. दोघांनी निर्णय देणे सुरू केले की लोक सोयीचे उत्तर देणाऱ्याकडे जातात.

भाषेचा प्रश्न सीमाभागात टाळता येत नाही. या पट्ट्यात एकाच काउंटरवर मराठी, कन्नड, दख्खनी उर्दू आणि कधी तेलुगूही ऐकू येते, आणि जुना कारकून गिऱ्हाइकाचा चेहरा पाहून भाषा बदलतो. मुख्यालय बदलले की बदल्यांचे क्षेत्र बदलते, आणि ज्याला यांपैकी एखादीच भाषा येते असा अधिकारी येऊ शकतो. कर्नाटकात कार्यालयीन व्यवहार कन्नडमध्ये चालणे स्वाभाविक आहे आणि त्याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही; पण कर्जाच्या अटी, ऊस करार किंवा सेवाकरार समजावून देताना समोरच्याला कळणारी भाषा वापरणे हा उपकार नाही, पुढचा वाद टाळण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. नव्या मालकाने पहिल्या सहा महिन्यांत स्थानिक भाषा जाणणाऱ्या जुन्या काउंटरवरील माणसांच्या बदल्या करू नयेत. स्वेच्छानिवृत्ती योजना आखतानाही हाच विचार हवा, कारण अशी योजना घेऊन बाहेर पडतात ती बहुधा जुनी, जाणती माणसे, आणि त्यांच्याबरोबर तिसऱ्या थराची सारी माहिती जाते.

मालक बदलणार अशी कुणकुण लागलेल्या कर्मचाऱ्याने अफवांची शहानिशा करण्यात दिवस घालवण्याऐवजी नेमणूकपत्र, शेवटच्या बारा महिन्यांच्या पगारपावत्या, भविष्य निर्वाह निधीचा उतारा, शिल्लक रजेची नोंद आणि लागू असलेल्या कराराची प्रत हस्तांतरणाच्या तारखेपूर्वी जुन्या व्यवस्थापनाच्या सहीशिक्क्यासह मिळवून घरी ठेवावी. ती तारीख उलटल्यावर सही करणारा माणूसही बदललेला असतो.